कोपरापासून हृदयापर्यंत ६५ सेंटिमीटर

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मग वर्षभरात केव्हातरी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणीच्या, घाटंजीच्या किंवा उमरखेडच्या एखाद्या गावातल्या शाळेसमोर येऊन उभी राहते. २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरमधून या कार्यक्रमाची सुरुवात झाली. पथकातले डॉक्टर मुलांची वजने घेतात, दात-डोळे बघतात आणि प्रत्येकाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात. बहुतेक छात्यांमधून नेहमीचे लब-डब ऐकू येते. एखाद्या छातीत मात्र त्या दोन ठोक्यांच्या मध्ये सायकलच्या ट्यूबमधून हवा निसटावी तसा आवाज असतो. डॉक्टर तपासणीची चिठ्ठी लिहून देतात. इको होतो आणि घरात एक वाक्य येऊन पडते : पोराच्या हृदयाला छिद्र आहे.

हे छिद्र बहुतेकदा हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात असते. डॉक्टर त्याला व्हीएसडी म्हणतात. जन्मजात हृदयदोषांमध्ये हाच सर्वाधिक आढळतो. एके काळी ते बुजवायचे तर छाती उघडण्याला पर्याय नव्हता. आता त्यातली निवडक छिद्रे जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयात नेऊन, तिच्या टोकाने एक छोटी जाळीदार चकती बसवून बंद करता येतात. छातीवर टाका पडत नाही. तरी हे ऐकल्यावर आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. धडधडत्या हृदयात नळी गेली, तर ते बंद नाही का पडणार?

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. १९२९ साली जर्मनीतल्या भल्या भल्या डॉक्टरांची समजूत हीच होती. ती खोटी आहे हे एका नवशिक्या डॉक्टरने स्वतःच्या शरीरावर दाखवून दिले. त्याचे नाव वर्नर फोर्समन.

फोर्समनचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील वकील होते. पहिल्या महायुद्धात ते लढाईवर गेले आणि परतले नाहीत. एकुलत्या एका मुलाला आईने आणि आजीने वाढवले. युद्धानंतरच्या जर्मनीत पैशाची किंमत कागदाइतकीही उरली नव्हती, अशा दिवसांत, १९२२ मध्ये, त्याने बर्लिनच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातले. अभ्यासात तो हुशार होता, पण त्याचे वेगळेपण गुणांमध्ये नव्हते. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढणे कोणालाच जमत नसे, खुद्द त्यालाही.

अशीच एक गोष्ट विद्यार्थिदशेत त्याच्या डोक्यात शिरली. शरीरशास्त्राच्या पुस्तकात त्याने एक जुने चित्र पाहिले. शोव्हो आणि मारे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८६१ च्या सुमारास घोड्याच्या मानेतल्या शिरेतून एक नळी थेट हृदयापर्यंत नेली होती आणि आतला दाब मोजला होता. घोडा उभाच होता. त्याला काही झाले नव्हते. घोड्याला चालते ते माणसाला का चालू नये, असा त्याचा साधा हिशोब होता.

या हिशोबाला एक व्यावहारिक कारणही होते. त्या काळी रुग्णाचे हृदय बंद पडू लागले की डॉक्टर छातीच्या पिंजऱ्यातून लांब सुई घुसवून औषध थेट हृदयात टोचत. ती सुई आंधळी असे. हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी तिने फाटली, तर वाचवायला गेलेला डॉक्टरच रुग्णाला मारून बसे. त्यापेक्षा हाताच्या शिरेतून एक मऊ नळी सरकवत नेली आणि तिच्यातून औषध सोडले तर? शिरेतले रक्त तसेही हृदयाकडेच वाहत असते. नळीला वाट चुकण्याचे कारण नाही.

परीक्षा झाल्यावर त्याला बर्लिनच्या ईशान्येला असलेल्या एबर्सवाल्डे या छोट्या गावातल्या रुग्णालयात जागा मिळाली. मोठ्या विद्यापीठाचा तिथे संबंध नव्हता, संशोधनाची सोय नव्हती. आपल्याकडच्या तालुक्याच्या रुग्णालयासारखेच ते ठिकाण. तिथले प्रमुख शल्यचिकित्सक रिशार्ड श्नायडर हे कुटुंबाच्या ओळखीचे होते. फोर्समनने त्यांच्यापुढे कल्पना मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि नकार दिला. रुग्णावर करायचे नाही. मग मी स्वतःवर करतो, असे तो म्हणाला, तेव्हा त्यालाही त्यांनी मनाई केली. या पोराच्या आईला आपण काय तोंड दाखवू, ही त्यांची चिंता होती. त्यांच्या जागी दुसरा कोणताही वरिष्ठ असता तरी त्याने हेच केले असते, आणि त्यात चूक काढता येत नाही.

फोर्समनने मनाई मानली नाही. आधी त्याने पेटर रोमाइस या सहकाऱ्याला विश्वासात घेतले. नळी सरकवण्याचे काम या मित्राने करायचे, असे ठरले. नळी ३५ सेंटिमीटर आत गेली आणि मित्राचा धीर सुटला. प्रयोग तिथेच थांबला. फोर्समनला मात्र काहीही त्रास झालेला नव्हता, आणि त्यामुळे त्याचा हट्ट आणखी वाढला.

पुढचा भाग सर्वांत प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रियागृहातली निर्जंतुक हत्यारे आणि नळ्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात असत. कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे. फोर्समनने तिच्याशी ओळख वाढवली, तिला पुस्तके दिली, हृदयात नळी नेण्याची कल्पना समजावून सांगितली. ती इतकी भारावली की प्रयोग माझ्यावरच करा, असा आग्रह तिने धरला. एका दुपारी, रुग्णालय सुस्तावलेले असताना, त्याने तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवले आणि तिचे हातपाय पट्ट्यांनी बांधले. तिच्या हातावर आयोडीन लावले. ती नळीची वाट बघत होती. तेवढ्या वेळात तो तिच्या नजरेआड गेला, स्वतःच्या डाव्या कोपरातली जागा बधिर केली, कातडी कापून शीर उघडी केली आणि नळी आत सरकवायला सुरुवात केली.

ती नळी हृदयासाठी तयार झालेलीच नव्हती. हृदयासाठी नळी अशी वस्तूच तेव्हा जगात नव्हती. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या वाहिनीत घालायची ती नळी होती, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची. कोपरापासून हृदयापर्यंतचे अंतर त्याने अंदाजे ठरवलेले होते. नळी ३० सेंटिमीटर आत गेल्यावर त्याने गेर्डाच्या पट्ट्या सोडल्या आणि क्ष-किरण विभागात फोन करायला सांगितले. आपल्याला फसवले गेले, हे तिला तेव्हा कळले. ती चिडली, पण सोबत गेली.

क्ष-किरण विभाग तळघरात होता. हातातून लोंबणारी नळी सांभाळत फोर्समन जिना उतरून खाली गेला. तिथे रोमाइस धावत आला आणि नळी ओढून काढू लागला. त्याला लाथ मारून दूर करावे लागले, असे फोर्समनने पुढे लिहिले आहे. परिचारिकेने आरसा धरला. त्या आरशात क्ष-किरणांचा पडदा बघत त्याने नळी पुढे सरकवली. खांद्याखालून, गळ्याच्या हाडामागून, खाली. ६५ सेंटिमीटर झाले तेव्हा तिचे टोक हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात होते. छातीत थोडी ऊब जाणवली. वेदना नाही, कारण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला नळीचा स्पर्श जवळजवळ जाणवतच नाही. हृदय चालूच होते. त्याने फोटो काढायला लावला, कारण पुराव्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही, एवढे भान त्याला होते.

पट्ट्या, लाथ, फसवणूक हा तपशील त्याच्या अनेक दशकांनंतरच्या आत्मचरित्रातला आहे, हे इथे सांगायला हवे. ५ नोव्हेंबर १९२९ च्या जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलेल्या त्याच्या लेखात गेर्डाला बांधल्याचा उल्लेख नाही. आरशाचा मात्र आहे. माणूस म्हातारपणी तारुण्याची हकीकत सांगतो तेव्हा ती थोडी रंगतेच. पण क्ष-किरणाचा फोटो खरा आहे आणि नळीचे टोक जिथे आहे तिथेच आहे. एका बाईला खोटे सांगून टेबलाला बांधणे हे आजच्या कुठल्याही नैतिकता समितीपुढे टिकणार नाही, हेही तितकेच खरे.

श्नायडर रागावले, आणि नंतर फोटो बघून विरघळलेही. मृत्यूच्या दारात असलेल्या एका स्त्रीवर त्यांनी त्याला हीच पद्धत वापरू दिली. नळीतून सोडलेल्या औषधाने तिच्या प्रकृतीत थोडा वेळ फरक पडला, ती वाचली मात्र नाही. मग त्यांच्याच सल्ल्याने तो मोठ्या जगात गेला, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात, फर्डिनांड झावरब्रुख यांच्या हाताखाली. छातीच्या शस्त्रक्रियेत झावरब्रुख यांचा शब्द जर्मनीत शेवटचा मानला जाई. फोर्समनला तिथे पगारही नव्हता. लेख छापून आला, वर्तमानपत्रांनी त्याची मसालेदार बातमी केली आणि घोटाळा झाला. उंगर नावाच्या एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकाने, हे काम आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी १९१२ मध्येच केले होते, असा दावा केला. त्यांच्याकडे क्ष-किरणाचा पुरावा नव्हता, पण वाद पेटायला तेवढे पुरले. झावरब्रुख यांना तर हा सगळा प्रकार सर्कशीतल्या खेळासारखा वाटला. फोर्समनला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला.

तो परत एबर्सवाल्डेला आला आणि पुन्हा त्याच नळीमागे लागला. आता त्याला हृदयाचे आतले चित्र हवे होते. क्ष-किरणात दिसेल असे द्रव्य नळीतून हृदयात सोडायचे आणि फोटो काढायचा. त्यासाठी कुत्रे लागणार होते आणि ते ठेवायला जागा नव्हती. त्याने ते आईच्या घरी ठेवले. तिथून पोत्यात घालून मोटारसायकलवरून तो त्यांना क्ष-किरणाच्या खोलीत घेऊन येई. कुत्र्यांवर जमल्यावर ते द्रव्य त्याने स्वतःच्या हृदयातही सोडून बघितले. तेव्हाच्या यंत्रावर चित्र धड उमटले नाही. असे करता करता स्वतःच्या शिरांमध्ये त्याने एकूण नऊ वेळा नळी घातली. १९३१ मध्ये हे काम त्याने शल्यचिकित्सकांच्या परिषदेत मांडले. कोणाला त्याचे फारसे काही वाटले नाही.

पुढे तो माइन्झच्या रुग्णालयात गेला. तिथे एल्झबेट एंगेल ही डॉक्टर त्याला भेटली आणि १९३३ मध्ये त्यांचे लग्न झाले. त्यांना सहा मुले झाली. हृदयाच्या क्षेत्रात आपल्याला कोणी उभे करणार नाही, हे एव्हाना त्याच्या लक्षात आले होते. पोट भरायचे होते. तो मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियेकडे वळला. ज्या नळीला त्याने एकदा वाट सोडून हृदयात नेले होते, तीच नळी आता तो तिच्या मूळ जागी रोज वापरू लागला.

त्याच्या आयुष्यातला एक डाग झाकून ठेवण्यासारखा नाही. हिटलर सत्तेवर येण्याच्या आधीच, १९३२ मध्ये, फोर्समन नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. बळजबरीने सदस्य झालेल्या नंतरच्या हजारोंमध्ये त्याची गणना करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो लष्करी डॉक्टर होता, मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला आणि शेवटी अमेरिकनांच्या हाती युद्धकैदी झाला. युद्धानंतर पक्षाच्या सदस्यत्वामुळे काही वर्षे त्याला वैद्यकी करायला बंदी होती. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात बायकोच्या दवाखान्यावर घर चालले. १९५० मध्ये बाड क्रॉइत्स्नाख या छोट्या शहरात त्याला मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून जागा मिळाली. एबर्सवाल्डेच्या त्या फोटोला आता २० वर्षे उलटून गेली होती.

या २० वर्षांत अटलांटिकच्या पलीकडे दुसरीच गोष्ट घडत होती. न्यूयॉर्कच्या बेल्व्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स हे फुप्फुस आणि हृदय मिळून काम कसे करतात याचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांना हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त थेट हवे होते. फोर्समनचा जुना लेख त्यांनी गांभीर्याने घेतला, आधी प्राण्यांवर खात्री केली आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांमध्ये नळी नेऊ लागले. युद्धकाळात रक्तस्रावाने कोसळलेल्या जखमींचे रक्ताभिसरण समजून घ्यायला ही पद्धत कामी आली. नळी तासन्‌तास हृदयात ठेवता येते आणि तरी माणूस ठीक राहतो, हे त्यांनी शेकडो रुग्णांमध्ये दाखवले.

आणि इथे आपल्या छिद्राचा संबंध येतो. हृदयाच्या उजव्या बाजूला शरीरातून परतलेले, प्राणवायू वापरून झालेले रक्त असते. त्यात साधारण ७० ते ७५ टक्के प्राणवायू शिल्लक असतो. डाव्या बाजूला फुप्फुसांतून आलेले ताजे रक्त, ९५ टक्क्यांच्या वर. मध्ये पडदा असल्याने दोन्ही मिसळत नाहीत. आता नळीने उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातले रक्त काढले आणि ते ७० टक्के भरले, पण खालच्या कप्प्यातले ८२ टक्के भरले, तर याचा अर्थ सरळ आहे. वाटेत कुठून तरी डावीकडचे ताजे रक्त शिरले. छिद्र खालच्या पडद्यात आहे. छाती न उघडता छिद्राचे ठिकाण, त्यातून वाहणाऱ्या रक्ताचे प्रमाण आणि फुप्फुसांतला दाब हे सगळे आकड्यांत मांडता येऊ लागले. त्याआधी डॉक्टरांच्या हाती फक्त कान होते. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंरी रोजे यांनी १८७९ मध्ये या छिद्राच्या आवाजाचे वर्णन करून ठेवले होते. त्यातली एक गंमत आजही पालकांना सांगावी लागते : लहान छिद्राचा आवाज मोठा असतो. बागेच्या पाइपचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोरात फुसफुसते, तसेच हे. आवाजावरून घाबरू नये आणि आवाज कमी म्हणून निर्धास्तही होऊ नये.

खरी भीती मोठ्या छिद्राची. डाव्या कप्प्यातला दाब उजव्यापेक्षा चार-पाच पट असतो, त्यामुळे रक्त डावीकडून उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत घुसते. बाळ अंगावर पिताना दमते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, छाती वारंवार भरते. पुष्कळदा हे सर्दी-खोकल्यावर ढकलले जाते. वर्षानुवर्षे ज्यादा रक्ताचा मारा सोसून फुप्फुसांतल्या वाहिन्या जाड आणि कडक होतात, आतला दाब चढत जातो आणि एक दिवस प्रवाह उलटतो. ओठ, नखे निळी पडतात. त्या अवस्थेला पोहोचल्यावर छिद्र बंद केले, तर रुग्ण दगावतो. म्हणून ते बंद करता येत नाही. मुदत टळलेली असते. शाळेत स्टेथोस्कोप लागणे आणि न लागणे यातला फरक हा इतका मोठा आहे.

१९५६ च्या ऑक्टोबरमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासोबत नोबेल पारितोषिकासाठी तिसरे नाव जाहीर झाले, ते बाड क्रॉइत्स्नाखमधल्या एका मूत्रविकारतज्ज्ञाचे. त्याच्या शेजारीपाजाऱ्यांनाही तो हृदयाशी संबंधित काही करत असे याचा पत्ता नव्हता. माइन्झच्या विद्यापीठाने त्याला मानद प्राध्यापक केले. १९५८ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखपद मिळाले. पण हृदयाच्या संशोधनात परतण्याची वेळ निघून गेली होती. मधल्या काळात हे शास्त्र इतके पुढे धावले होते की त्याचा जनकच त्यात परका ठरला. ही सल त्याच्या मनातून गेली नाही. १९७२ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले. स्वतःवरचा प्रयोग, एवढेच त्याचे नाव.

त्याच्या हयातीतच नळीने रूप बदलायला सुरुवात केली होती. १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी एक वर्षाच्या बाळाची छाती उघडून खालच्या पडद्यातले छिद्र शिवले. हृदय-फुप्फुस यंत्र हाताशी नव्हते. बाळाच्या वडिलांच्या रक्ताभिसरणाशी बाळाचे अभिसरण जोडून शस्त्रक्रिया केली गेली. शिवण टिकली, पण अकराव्या दिवशी बाळ न्यूमोनियाने गेले. त्यानंतर अनेक मुले वाचली. शस्त्रक्रियेचा मार्ग असा मोकळा होत असताना, काही जणांना वाटू लागले की नळीने नुसते बघायचे कशाला, दुरुस्तीही करू. १९६६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम राशकिंड यांनी नळीच्या टोकाला फुगा लावून निळ्या बाळांच्या हृदयातला वरचा पडदा मुद्दाम फाडला, कारण त्या बाळांना छिद्राचीच गरज होती. १९६७ मध्ये बर्लिनच्या त्याच शारिटे रुग्णालयात, जिथून फोर्समनला घालवले होते, पोर्स्टमन यांनी हृदयालगतची एक जन्मजात उघडी राहिलेली वाहिनी नळीतून बूच नेऊन बंद केली. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत वरच्या पडद्यातले छिद्र नळीने बुजवले गेले. १९७७ मध्ये झ्युरिकला ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीतला अडथळा फुग्याने दूर केला, आणि ती अँजिओप्लास्टी आज आपल्या प्रत्येक मोठ्या शहरात होते.

१ जून १९७९ रोजी फोर्समन गेला. मृत्यूचे कारण हृदय निकामी होणे. एबर्सवाल्डेच्या रुग्णालयाला आज त्याचे नाव आहे.

खालच्या पडद्यातले छिद्र मात्र त्याच्या मृत्यूपर्यंत नळीला दाद देत नव्हते. हा पडदा जाड, सतत आवळणारा, आणि त्याच्या आसपास झडपांचे दोर व हृदयाच्या ठोक्याची विद्युतवाहिनी. वाटही वाकडी. १९८८ मध्ये बोस्टनच्या जेम्स लॉक यांनी राशकिंड यांची छत्री वापरून अशी काही छिद्रे बंद केल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या दशकात मिनेसोटाचे कुर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांनी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची बारीक तारांची जाळी विणून दोन चकत्यांची डबी तयार केली. या धातूला आपला आकार आठवतो. ओढून सरळ केली की तार नळीत मावते, नळीबाहेर ढकलली की पुन्हा चकती होते.

आज हे काम असे चालते. मुलाला भूल देतात. जांघेतल्या धमनीतून एक नळी महाधमनीच्या मार्गाने डाव्या खालच्या कप्प्यात जाते. तिच्यातून एक लवचीक तार छिद्रातून पलीकडे उजवीकडे सोडतात. जांघेतल्या शिरेतून दुसरी नळी आत जाते, तिच्या टोकाला फास असतो. त्या फासात तारेचे टोक पकडून शिरेवाटे बाहेर काढतात. आता धमनीतून आत जाऊन छिद्रातून जाणारी आणि शिरेतून बाहेर येणारी अशी एक अखंड दोरी तयार झाली. तिच्यावरून जाड नळी शिरेच्या बाजूने छिद्रापलीकडे नेतात, डावी चकती उघडतात, हलकेच मागे ओढून पडद्याला टेकवतात, मग उजवी चकती उघडतात. इकोवर गळती थांबल्याची, झडपा मोकळ्या असल्याची आणि ठोका बिघडला नसल्याची खात्री झाली की शेवटी स्क्रू फिरवून चकती सोडून देतात. तोपर्यंत ती परत काढता येते. काही महिन्यांत हृदयाचे स्वतःचे अस्तर तिच्यावर चढते.

प्रत्येक छिद्र असे बंद होत नाही. लहान छिद्रे, विशेषतः स्नायूच्या भागातली, बरीचशी आपोआप मिटतात. त्यांना नुसते बघत राहायचे असते. फार लहान वजनाच्या बाळाचे मोठे छिद्र, झडपांना अगदी चिकटून असलेले किंवा फुप्फुसाच्या धमनीच्या झडपेखालचे छिद्र यांसाठी शस्त्रक्रियाच योग्य. कोणती वाट धरायची हे इकोवर, मुलाच्या वजनावर आणि पडद्याच्या कडांवर ठरते. छाती उघडायची नाही एवढ्याच कारणाने नळीचा हट्ट धरू नये.

यवतमाळच्या मुलांना यासाठी बहुधा नागपूर किंवा वर्ध्याची वाट धरावी लागते. शाळा तपासणीत सापडलेल्या मुलाचा खर्च सरकारी योजनांतून होऊ शकतो, त्यासाठी पथकाने दिलेली चिठ्ठी, रेशनकार्ड आणि आधार सांभाळून ठेवावे. चकती बसवल्यावर मूल दोन-तीन दिवसांत घरी येते आणि आठवडाभरात अंगणात खेळू लागते. इथेच पुष्कळ घरी चूक होते. पोर बरे झाले, आता कापूस वेचणी सोडून कशाला जायचे नागपूरला, असे म्हणून पुढची तारीख चुकवली जाते. पण चकती विद्युतवाहिनीच्या जवळ असेल, तर ठोक्याची गती नंतरही मंदावू शकते, क्वचित काही वर्षांनी, आणि काही मुलांना पेसमेकर लागतो. पहिले सहा महिने रक्त पातळ ठेवण्याची गोळी बंद करायची नाही आणि दात काढायचा किंवा किडीवर इलाज करायचा झाला, तर दंतवैद्याला आधी चकतीची माहिती द्यायची. मूल चक्कर येऊन पडले, खेळताना एकदम गळून गेले, तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यायचा. तो तालुक्यालाही निघतो.